पावसाचं गणित मांडणारा बूमरँगवाला

२७ जुलै २०१९ ची पहाट आपल्या पट्ट्यात कुणी विसरलेलं नसेल. उल्हास नदी रुळांवर चढली होती आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे चहूबाजूंनी पाण्यात उभी होती. आत हजाराहून जास्त प्रवासी. बोटी आल्या, नौदल आलं, एनडीआरएफ आलं आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. पण त्याच्या आदला महिना आठवा. जून कोरडा गेला होता. देशभरात जूनचा पाऊस सरासरीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी पडला होता आणि बातम्यांमध्ये रोज एकच शब्द होता, एल निनो.

पॅसिफिक समुद्र तिकडे पेरू देशापाशी तापला, तर बारवी धरणाच्या पाण्याची चिंता आपण इकडे का करायची? हा प्रश्न आज कुणी विचारत नाही, इतकं ते नातं आपल्या अंगवळणी पडलंय. पण हे नातं कुणीतरी पहिल्यांदा आकड्यांतून खणून काढलं होतं. ज्याने काढलं तो हवामानशास्त्रज्ञ नव्हताच मुळी. तो गणिती होता, बासरी वाजवायचा आणि बूमरँग फेकण्यात पटाईत होता. गिल्बर्ट वॉकर त्याचं नाव.

१४ जून १८६८ ला इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे त्यांचा जन्म झाला. वडील इंजिनीअर. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून स्कॉलरशिप मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १८८९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या त्या कुप्रसिद्ध कठीण परीक्षेत पहिले. बरोबर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच परीक्षेत (दुसऱ्या एकासोबत बरोबरीने) पहिले आले आणि महाराष्ट्रात कायमचे ‘रँग्लर परांजपे’ झाले. तेव्हा वॉकर कुठल्या दर्जाचे हुशार होते, हे वेगळं सांगायला नको.

या हुशारीची किंमतही मोजावी लागली. अभ्यासाच्या ताणाने तब्येत इतकी ढासळली की पुढचे काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथे ते स्केटिंग शिकले. परत आल्यावर केंब्रिजच्या नदीकाठच्या हिरवळीवर बूमरँग फेकत बसायचे, त्यामुळे मित्रांनी नावच पाडलं ‘बूमरँग वॉकर’. आपण छंद म्हणून सोडून दिलं असतं. यांनी बूमरँग परत का येतं याचं गणित मांडून १८९७ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला.

आता भारतात या. १८९९ साली पाऊस भयंकर दगा देऊन गेला. गुजरात-राजस्थानात ‘छप्पनिया’ म्हणून ज्याच्या आठवणी राहिल्या तो हाच दुष्काळ. हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन एलियट यांचा अंदाज मात्र चांगल्या पावसाचा होता. खात्याची एवढी छी-थू झाली की पुढे काही वर्षं मान्सूनचा अंदाज गुप्त ठेवला जायचा, पेपरात छापायचाच नाही! वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हा आपला जोक किती जुना आहे बघा.

एलियट यांच्यानंतर खातं कुणी सांभाळायचं? १९०४ मध्ये खुर्ची मिळाली पस्तिशीच्या वॉकर यांना. हवामानाचा अनुभव शून्य. येण्यापूर्वी युरोप-अमेरिकेतल्या हवामान कचेऱ्या पाहून आले, तेवढंच. आज एखाद्या खात्यावर असा माणूस आणला तर सोशल मीडियावर काय होईल याची कल्पना करा. पण नेमका हाच त्यांचा फायदा ठरला. हवा कशी वाहते याचं भक्कम शास्त्र त्या काळी कुणाकडेच नव्हतं. वॉकर यांनी ठरवलं की कारण नंतर शोधू, आधी आकडे काय म्हणतात ते पाहू.

इथे जरा थांबून सहसंबंध, म्हणजे कॉलेजात आपण ज्याला कोरिलेशन म्हणतो, ते समजून घेऊ. दोन गोष्टींचे वर्षावर्षांचे आकडे समोरासमोर ठेवायचे. एक वाढते तेव्हा दुसरीही वाढते का? अगदी बरोबरीने वाढत असेल तर आकडा अधिक १. एक वाढली की दुसरी हमखास घटत असेल तर उणे १. काहीच संबंध नसेल तर शून्याच्या आसपास. आज एक्सेलमध्ये एक फॉर्म्युला टाकला की सेकंदात उत्तर. वॉकर यांच्याकडे होते कारकून, कागद आणि तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी. सिमल्याच्या कचेरीत भारतीय कर्मचारी वर्षानुवर्षं हाताने गुणाकार-भागाकार करत होते. मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब, झांझिबारचा पाऊस, हिमालयातला बर्फ, जगभरातल्या केंद्रांचे आकडे मागवायचे आणि प्रत्येकाचा भारतातल्या पावसाशी मेळ बसतो का ते तपासायचं. या चारच गोष्टी घेऊन त्यांनी मान्सूनच्या अंदाजाचं पहिलं गणिती सूत्र बनवलं.

या सगळ्यात मला सर्वांत भावतो तो त्यांचा १९१४ चा एक निबंध. त्यात त्यांनी स्वतःच्याच पद्धतीवर संशय घेतलाय. मुद्दा साधा आहे. समजा पावसाशी काडीचाही संबंध नसलेल्या वीस मालिका तुम्ही घेतल्या. एकेका मालिकेचा मेळ निव्वळ नशिबाने जमलेला दिसण्याची शक्यता विसात एक. तर वीसपैकी निदान एखादी तरी ‘जमलेली’ दिसण्याची शक्यता किती? हिशोब केला तर ६४ टक्के! म्हणजे जो शोधत राहील त्याला काही ना काही सापडतंच. म्हणून वॉकर म्हणत की शंभर ठिकाणी शोधून सर्वांत मोठा आकडा उचलला असेल, तर त्याला शंभरांत पहिला आलेला म्हणूनच तपासा, एकट्याने आलेला म्हणून नाही. डेटा सायन्सच्या क्लासमध्ये हल्ली हे मोठ्या थाटात शिकवतात.

काळासोबत बदलणाऱ्या आकड्यांत आणखी एक भूत असतं. वॉकर यांचे समकालीन उडनी यूल यांनी १९२६ मध्ये ते दाखवून दिलं. इंग्लंडमध्ये १८६६ ते १९११ या काळात चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि देशातला मृत्युदर, या दोन मालिकांचा सहसंबंध आला ०.९५. चर्चमध्ये लग्न लावणं बंद केलं तर लोक अमर होतील का? दोन्ही गोष्टी आपापल्या कारणाने वर्षानुवर्षं घसरत होत्या, एवढंच. मागच्या वर्षाची आठवण पुढच्या वर्षात वाहून नेणाऱ्या अशा मालिकांचं गणित यूल यांनी १९२७ मध्ये सूर्यावरच्या डागांसाठी मांडलं आणि वॉकर यांनी १९३१ मध्ये डार्विन बंदरातल्या हवेच्या दाबासाठी पुढे नेलं. तुमच्यापैकी कुणी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करत असाल तर ‘यूल-वॉकर समीकरणं’ परीक्षेला येतात. ते वॉकर हेच.

मधेच एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामासाठी मद्रासला गेले होते. तिथल्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर काम करणाऱ्या एका कारकुनाची वही त्यांना दाखवण्यात आली. ते गणित त्यांच्या स्वतःच्या विषयातलं नव्हतं, पण आपण काय बघतोय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून या मुलाला नोकरीतून मोकळं करून संशोधनाला पैसे द्या, असं सुचवलं. विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. कारकुनाचं नाव श्रीनिवास रामानुजन. हार्डी यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, हवामान खात्याच्या साहेबांचं फारसं कुणाला नसतं.

सिमल्यात वॉकर यांचे उद्योगही चालूच होते. अ‍ॅनन्डेलच्या मैदानावर बूमरँग, दुर्बिणीतून घारी-गिधाडांचं निरीक्षण, बासरीच्या भोकांची रचना सुधारण्याचा खटाटोप. आणि खोलीत आकड्यांचे ढीग. त्या ढिगांतून हळूहळू एक चित्र वर येऊ लागलं. पॅसिफिकमध्ये हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी व्हायचा, आणि तिकडे घटला की इकडे वाढायचा. हजारो किलोमीटर लांब असलेल्या दोन समुद्रांचा जणू एक सी-सॉ. त्याच्या वर-खाली होण्याशी भारताचा पाऊस बांधलेला. १९२४ मध्ये त्यांनी याला नाव दिलं ‘सदर्न ऑसिलेशन’, दक्षिणी आंदोलन म्हणा हवं तर. त्याच वर्षी ते ‘सर’ झाले, निवृत्त झाले आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक म्हणून गेले.

पुण्याला शिवाजीनगरला उतरून रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ सांगा, तो बरोबर हवामान खात्याच्या दगडी इमारतीपाशी सोडेल. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव. वॉकर तिथे कधी बसले नाहीत. पण त्यांच्या सूत्रांची खरी परीक्षा घेणारी मंडळी तिथे बसली. आणि परीक्षेचा निकाल काही चांगला लागला नाही. नवी वर्षं जोडत गेलं तसे जुने मेळ ढिले पडू लागले. सूत्रातले घटक वेळोवेळी बदलावे लागले. १९५३ मध्ये खात्याचे माजी प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी लंडनच्या हवामानशास्त्रीय संस्थेपुढे हे मोकळेपणाने मांडलं. वॉकर तेव्हा ८५ वर्षांचे होते. ४ नोव्हेंबर १९५८ ला ते गेले. त्यांच्यावर लिहिलेल्या मृत्युलेखाचा सूरही तोच होता, या सहसंबंधांतून जगाच्या हवामानाचा सिद्धान्त उभा राहील अशी त्यांची आशा होती, पण तसं काही घडताना दिसत नाही.

अकरा वर्षांनी घडलं. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवून दिलं की वॉकर यांचा सी-सॉ आणि पेरूच्या कोळ्यांना माहीत असलेला एल निनो ही एकाच यंत्रणेची दोन टोकं आहेत. विषुववृत्तावर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या त्या प्रचंड चक्राला त्यांनी नाव दिलं ‘वॉकर सर्क्युलेशन’. आधी आकडे, मग कारण. क्रम तोच, फक्त कारण यायला जवळजवळ अर्धं शतक गेलं.

पण सहसंबंध ढिला का पडत होता, ते कोडं शिल्लकच होतं.

समजा बदलापूरचे दोन मित्र आहेत. अकरावी-बारावीला एकाच क्लासला, एकाच लोकलने जाणारे, एकत्र अभ्यास करणारे. एकाचे मार्क वाढले की दुसऱ्याचेही वाढायचे. मग एक इंजिनीअरिंगला गेला, दुसरा कॉमर्सला. आता पाच वर्षांच्या सगळ्या टेस्टचे मार्क घेऊन एकच कोरिलेशन काढलंत तर मधलाच कुठलातरी आकडा येईल. तो आकडा पहिल्या दोन वर्षांबद्दलही खरं बोलत नाही आणि नंतरच्या तिघांबद्दलही नाही. त्यापेक्षा सरकती खिडकी वापरा. पहिल्या दहा टेस्टचं कोरिलेशन काढा, मग दुसरी ते अकरावी, मग तिसरी ते बारावी, असं एकेक घर पुढे सरकत जा. आलेल्या आकड्यांचा आलेख काढला की मैत्री कुठे सुटली ते दिसतं.

हीच युक्ती पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या के. कृष्णकुमार यांनी बालाजी राजगोपालन आणि मार्क केन यांच्यासोबत वापरली. निमित्त होतं १९९७ चं. त्या वर्षी शतकातला अतिशय तगडा एल निनो आला होता, सगळे दुष्काळाची तयारी करत होते, आणि देशात पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. मग त्यांनी १४० वर्षांच्या नोंदींवर २१ वर्षांची खिडकी सरकवली. १९९९ मध्ये ‘सायन्स’ मध्ये निष्कर्ष छापून आला की एल निनो आणि मान्सूनचं ते जुनं उलटं नातं गेल्या काही दशकांत मोडकळीला आलंय. वॉकर सर्क्युलेशनचा प्रभाव आग्नेयेकडे सरकला असेल, युरोप-आशियाची जमीन जास्त तापत असेल, अशी कारणंही त्यांनी सुचवली.

तेव्हा देशाचा अधिकृत अंदाज निघायचा तो वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये तयार झालेल्या सोळा घटकांच्या मॉडेलवर. मराठी माणसाचं नाव, त्यामुळे आपल्याकडे त्याचं कौतुक भरपूर झालं आणि ते रास्तही होतं. वर्षामागून वर्ष अंदाज बरोबर येत गेला. मात्र या काळात देशात एकही मोठा दुष्काळ पडला नव्हता, सलग सगळे पावसाळे सर्वसाधारण किंवा त्याहून चांगले गेले होते, हे त्या कौतुकात कुणी फारसं पाहिलं नाही. मग आलं २००२. जुलैत देशात नेहमीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. मोसम ८१ टक्क्यांवर संपला. मॉडेलने सर्वसाधारण पाऊस सांगितला होता. पुढच्या वर्षी नवं मॉडेल आलं.

आणि गंमत म्हणजे २००२ मध्ये एल निनो होता, तोही मध्यम ताकदीचा. २००९ मध्येही होता, पाऊस ७८ टक्के. मोडलंय म्हणून जाहीर केलेलं नातं दुष्काळ घेऊन परत दारात उभं! २००६ मध्ये कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनीच याचं एक उत्तर दिलं. समुद्र पॅसिफिकच्या मध्यावर तापला तर भारताला फटका बसतो, पूर्वेला पेरूकडे तापला तर तेवढा बसत नाही. म्हणजे ‘एल निनो’ हे एकच नाव आपण दोन वेगळ्या गोष्टींना देत होतो. पुढच्या काही अभ्यासांत तर २००० नंतर हे नातं पुन्हा घट्ट झाल्याचं दिसतं.

मग नातं खरंच तुटलं होतं का? की आलेखाने आपल्याला फसवलं? इथे वॉकर यांचा १९१४ चा संशय पुन्हा कामाला येतो. २१ वर्षांची खिडकी म्हणजे फक्त २१ आकडे. खरा सहसंबंध कायम उणे ०.५ राहिला आणि काहीही बदललं नाही असं धरा. तरी २१-२१ वर्षांच्या तुकड्यांत तो नशिबाने उणे ०.१ पासून उणे ०.७५ पर्यंत कुठेही दिसू शकतो. शिवाय शेजारशेजारच्या खिडक्यांत वीस वर्षं तीच असतात, त्यामुळे आलेख उड्या मारत नाही, लाटेसारखा सावकाश वर-खाली होतो आणि डोळ्यांना वाटतं की काहीतरी हळूहळू बदलतंय. त्यातली सर्वांत खोल जागा बोटाने दाखवून ‘बघा, इथे तुटलं’ म्हणणं हे शंभरांतला पहिला नंबर उचलण्यासारखंच. २००१ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी नेमका हाच आक्षेप घेतला. त्यांच्या मते एल निनो-मान्सून नात्यातले चढउतार निव्वळ योगायोगाच्या मर्यादेतलेच होते.

खिडकी मोठी करावी तर बदल पुसला जातो. लहान करावी तर योगायोगच नाचायला लागतो. यावर रामबाण उपाय नाही. एकच करता येतं, बदल न होणाऱ्या खोट्या मालिका कॉम्प्युटरवर हजार वेळा बनवायच्या, त्यांच्यावरही तीच खिडकी सरकवायची आणि खऱ्या आलेखातली दरी त्या हजारांपेक्षा खोल आहे का ते बघायचं. माझं मत विचाराल तर १९९७ ने दिलेला धक्का खरा होता, पण ‘नातं तुटलं’ हा शब्द घाईचा होता. अभ्यासकांत मात्र यावर अजून एकमत नाही.

आणि हेही लक्षात असू द्या की हे सगळं अख्ख्या देशाच्या चार महिन्यांच्या सरासरीबद्दल आहे. २०१९ चा मोसम शेवटी ११० टक्क्यांवर संपला. पण उल्हास नदी कुठल्या रात्री रुळांवर चढेल, हे यातला कुठलाही सहसंबंध सांगत नाही. त्याला वेगळी यंत्रं लागतात, रडार लागतात.

करून बघायचं असेल तर आकडे मिळतात. आयआयटीएमने भारताच्या वेगवेगळ्या उपविभागांचा महिन्यागणिक पाऊस १८७१ पासून संकलित केलाय, त्यात आपला कोकणही आहे. डार्विन-ताहितीच्या दाबावरून काढलेला सदर्न ऑसिलेशनचा निर्देशांक १८७६ पासून आहे. दोन्ही एका शीटमध्ये शेजारी ठेवा आणि २१ वर्षांची खिडकी सरकवा. पहिली १८७६ ते १८९६. २०२३ पर्यंत अशा सव्वाशेहून जास्त खिडक्या होतात. वॉकर १९०४ मध्ये सिमल्याच्या खुर्चीवर बसले तेव्हा त्यांतल्या फक्त आठ पूर्ण झाल्या होत्या.